मानेचा पट्टा

पद्मिनीने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दोन्ही हात सोडून दिले. पट्टा मानेत रुतला. तिने डोळे मिटले, मनातल्या मनात एक स्तोत्र अर्ध्यापर्यंत म्हटलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि पट्टा काढून काउंटरवर ठेवला.

“हा नको. रुततो.”

काउंटरमागच्या म्हाताऱ्या बाईने तो उचलून आधी नापसंत झालेल्या दोन पट्ट्यांशेजारी मांडला. एक होता रंगीत विणकामाचा, त्याची वीण टोचत होती. दुसरा इतका गुळगुळीत की खांदा जरा कलला की कॅमेरा घसरत कोपरापर्यंत यायचा.

“आमचे हे असते तर त्यांनी नीट दाखवलं असतं,” बाई म्हणाली. “रविवारी ते मासे धरायला जातात. मला विचाराल तर सगळे पट्टे सारखेच. किमतीच्या चिठ्ठीवरचे आकडे तेवढे वेगळे.”

पद्मिनीला त्या जपानीतलं निम्मं कळलं आणि उरलेलं बाईच्या चेहऱ्यावरून. ती हसली.

उरायासु स्टेशनच्या मागच्या गल्लीत, शिंपले भाजून विकणाऱ्या दुकानाला लागून ते कॅमेऱ्यांचं दुकान होतं. भाजक्या शिंपल्यांचा वास आतपर्यंत येत होता. बाहेर फेब्रुवारीचा वारा समुद्रावरून येऊन काचेच्या दाराला धडका देत होता. पद्मिनीने घरातून निघताना कॅमेरा टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातला होता. तिचा नवरा सदानंद दुपारचा झोपला होता, आणि तो उठायच्या आत तिला परत जायचं होतं. ही पट्ट्याची भेट त्याला न कळू देता आणायची होती.

सदानंदच्या मानेचं दुखणं जुनं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो उठला तो मान वळवताच येईना. डॉक्टरांनी फोटो काढले, “कुबी, कुबी” करत पडद्यावर मणके दाखवले, आणि पांढरा जाडजूड पट्टा मानेला बांधून दिला. तो पट्टा घालून सदानंद दीड महिना ऑफिसला गेला. लेक, उल्का, तेव्हा दहाची होती. ती त्याला रोबोट म्हणायची आणि तोही मग हात ताठ करून रोबोटासारखा चालून दाखवायचा. मान बरी झाली, पट्टा कपाटात गेला. पद्मिनीला मात्र सवय लागून राहिली. सकाळी तो दारात बूट घालायला वाकला की ती म्हणायची, “मान सांभाळा.” दुसरी एखादी ‘सावकाश जा’ म्हणेल, तसं.

तो म्हणायचा, “सांभाळतो.”

या जानेवारीपासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. जेवताना तो ताटात बघत राही. वर्तमानपत्र उघडे, पण पान उलटत नसे. एक दिवस त्याने भिंतीतल्या कपाटाच्या तळातून जुना कॅमेरा काढला. जपानला आल्याच्या पहिल्याच वर्षी त्याने तो हौसेने घेतला होता. उल्काचं पहिलं पाऊल, पद्मिनीने साडीवर कोट घालून पाहिलेला पहिला बर्फ, सगळं त्यात टिपलेलं. मग पाचसहा वर्षं तो पडून होता. “ऑफिसला साइटचे फोटो हवेत,” सदानंद म्हणाला. “समुद्राकडे नवीन पंपहाउस होतंय. रोज काढावे लागतील.” तेव्हापासून रोज सकाळी सूट, बॅग आणि गळ्यात तो कॅमेरा. रविवारी तो बाल्कनीत स्टूल टाकून बसायचा, अंगठ्याने खटका ओढायचा आणि आभाळावर रोखून बटण दाबायचा. खटक. परत ओढायचा. खटक. पद्मिनीला वाटे, सवय करतोय.

कॅमेऱ्याचा पट्टा सुतळीसारखा झाला होता. कडीपाशी त्याची शिवण उसवत आली होती. आंघोळ करून आलेल्या सदानंदच्या मानेवर तिने तांबडी रेघ पाहिली होती. पण हा माणूस पडला दुखणं लपवणारा. विचारलं तर म्हणाला, “कुठे काय?”

आणि मग चार दिवसांपूर्वी कचऱ्याच्या जाळीपाशी मोरी-सान भेटली.

मोरी-सानचा नवरा सदानंदच्याच कंपनीत. त्या काळी त्या बाजूला मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. तूरडाळीसाठी ओकाचिमाचीपर्यंत जावं लागे आणि आईशी बोलायचं तर टेलिफोन कार्ड घेऊन बूथमध्ये उभं राहावं लागे. अशा दिवसांत मोरी-सानने पद्मिनीला कचऱ्याची वर्गवारी शिकवली होती, रीतसर वाकून नमस्कार करायला शिकवलं होतं. ती कधी आवाज खाली आणून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. पद्मिनीच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, “तुमचे यजमान, कुबी नि नारिमाशिता... केवढं कठीण.”

कुबी हा शब्द पद्मिनीला डॉक्टरांमुळे पाठ होता. कुबी म्हणजे मान, नारिमाशिता म्हणजे झालं. तर मानेचं परत उपटलंय, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बायकोला तेवढं ठाऊक नाही! तिला सदानंदचा रागच आला. घरी जाऊन तिने खात्रीसाठी उल्काला विचारलं होतं, “कुबी म्हणजे मानच ना गं?” उल्का गणितं सोडवत होती. तिने वर न बघता जपानीत उत्तर दिलं, “सो दा यो.” हो, तेच.

त्या रात्री पद्मिनीने ठरवलं की भांडायचं नाही. नवा पट्टा आणायचा. मानेला त्रास होणार नाही आणि सुटून पडणार नाही, असा.

“कोणासाठी हवाय?” दुकानदार बाईने विचारलं. “तुम्ही वापरणार?”

“शुजिन,” पद्मिनी म्हणाली. नवऱ्यासाठी. पुढचं कसं सांगावं याचा तिने विचार केला. तिची जपानी शिकायची रीत साधी होती. व्याकरणाच्या वाटेला ती कधी गेली नाही. बायकांच्या तोंडचं अख्खं वाक्य उचलायचं, घरी येऊन घोकायचं आणि वेळ आली की जसंच्या तसं वापरायचं. भाजीवाल्याकडे, शाळेत, पोस्टात असंच तिचं निभलं होतं. मोरी-सानचं वाक्य तिला चांगलं आठवत होतं. तिने पुढे आपला शब्द जोडला आणि एकेक अक्षर जपून उच्चारलं.

“शुजिन गा, कुबी नि नारिमाशिता.”

खणात शोधणारा बाईचा हात थांबला. तिने पद्मिनीकडे पाहिलं, मग दाराकडे, कुणी ऐकलं तर नाही ना असं. मग ती वाकली. गिऱ्हाइकापुढे वाकतात तसं ते नव्हतं. ती बराच वेळ वर आली नाही.

“कधी?”

“जानेवारीत, वाटतं. त्यांनी सांगितलं नाही. मला दुसऱ्या बाईंकडून कळलं.”

“सांगत नाहीत,” बाई म्हणाली. “पुरुष सांगत नाहीत.”

“लपवतात.”

“हो. लपवतात.” बाईने नापसंत पट्टे गोळा करून बाजूला सारले. “पण घराबाहेर पडतात ना? रोज?”

“रोज. कॅमेरा घेऊन.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“मग गळ्यात अडकवायचा नकोच. दिवसभर गळ्यात वजन घेऊन माणसाने कसं फिरावं?” ती मागच्या खोलीत गेली आणि एक रुंद काळा पट्टा घेऊन आली. आतून त्याला स्पंजासारखं जाड रबर होतं. “आमच्या ह्यांच्या माशांच्या पेटीला असाच आहे. तिरका घ्यायचा, या खांद्यावरून त्या कमरेकडे. वजन कळत नाही. वरून कोट घातला तरी चालतो.”

किती समजूतदार बाई आहे, पद्मिनीच्या मनात आलं. तिने पट्टा कॅमेऱ्याला तात्पुरता अडकवून तिरका घातला. रबर खांद्यावर दबलं आणि तिथेच राहिलं. ती दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, खाली वाकून पाहिलं, खांदा झटकला. कॅमेरा बरगडीला चिकटून होता. मग तिने पट्टा सोडवून त्याची दोन टोकं दोन मुठींना गुंडाळली आणि जोराने हिसका दिला. लेकीच्या बारशाआधी सासूने पाळण्याची दोरी अशीच ताणून पाहिली होती.

“तुटणार नाही ना?”

“तुटणार नाही,” बाई म्हणाली. “पट्टे तुटत नाहीत. सुटतात.” तिने जुना पट्टा कडीतून सोडवला आणि नव्याचं टोक ओवायला घेतलं. “हे आमच्या ह्यांनी शिकवलंय, एवढंच मला येतं. बकलातून काढलेलं टोक परत आत वळवून घ्यायचं. बाहेर राहिलं तर रोज थोडं थोडं सरकतं. कळतसुद्धा नाही. आणि मग एक दिवस सुटतं.”

बोलता बोलता तिचा हात कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर गेला. तिने ती सहज फिरवली. चकती गरगर फिरली.

“यात फिल्म नाहीये.”

“असेल,” पद्मिनी म्हणाली. “रोज फोटो काढतात ते. ऑफिसला लागतात.”

बाईने कॅमेऱ्याचं पाठीकडचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. रीळ बसायच्या जागेत धुळीची बारीक पुटं धरली होती. बरेच दिवस तिथे कुणाचा हात लागला नव्हता.

“ऑफिसला,” बाई हळूच म्हणाली.

तिने झाकण लावलं नाही. उघडा कॅमेरा दोघींच्या मध्ये तसाच राहिला.

“माझ्या धाकट्या भावाचंही कुबी झालं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी. रोज सकाळी सूट घालून निघायचा. बायको डबा द्यायची. संध्याकाळी वेळेवर घरी. तिला वाटायचं, ऑफिस.”

पद्मिनीच्या कपाळाला आठी पडली. मानेच्या दुखण्यात सूटचं काय? तिने शब्द जुळवले. “कुबी... दुखतं ना? डॉक्टर? औषध?”

आता बाई गोंधळली. तिने पद्मिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या टॉवेलाकडे, आणि तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. आपण कोणाशी काय बोलत होतो हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने शब्द शोधले. सोपा शब्द सापडेना. शेवटी तिने उजवा हात उचलला, पंजा सरळ केला आणि त्याची कड आपल्याच मानेवर हलकेच दोनदा आपटली.

“काइशा,” ती म्हणाली. कंपनी. आणि परत तोच हात मानेवर.

टीव्हीवर पाहिलेली खूण होती ती. उल्का ज्या कार्यक्रमाला खदखदून हसायची त्यात एक टकला साहेब होता, आणि तो कारकुनाकडे बघून नेमकं हेच करायचा. कारकून मग टेबल आवरून खोकं उचलून चालू लागायचा.

पद्मिनीने काउंटरची कड धरली. शेजारच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने “इराश्शाइमासे” म्हणत गिऱ्हाइकाचं स्वागत केलं. वारा दाराला धडकला.

“तुमचा भाऊ,” ती म्हणाली. “आता?”

बाई पट्ट्याचं दुसरं टोक बकलात वळवत होती. तिने ते पूर्ण आत घेतलं, ओढून पाहिलं.

“जूनपर्यंत यायचा,” ती म्हणाली. “मग एक दिवस नाही आला.”

पद्मिनीने पुढे विचारलं नाही. तोझाई लाइनवर कधीमधी कुणी रुळांवर उडी घेतली की गाडी मध्येच थांबे, घोषणा होई, उभी माणसं घड्याळं पाहत आणि कुणी कुणाकडे बघत नसे. त्या घोषणेतला शब्दही तिला पाठ होता.

“त्याच्या हातात काही नव्हतं,” बाई म्हणाली. धीर देण्याचा सूर नव्हता तो. कापडाचा पन्हा सांगावा तसं ती सांगत होती. “नुसती बॅग. बॅग घेतलेला माणूस बाकावर किती वेळ बसणार? लोक बघतात. कॅमेरा असला की कुणी बघत नाही. पण तो रिकामा असून कसं चालेल?”

“फिल्म द्या,” पद्मिनी म्हणाली. “सर्वांत लांब असेल ती. आणि तुम्हीच घाला. मला येत नाही.”

घरी जाताना कालव्याच्या पुलावर ती थांबली. खाली बांधलेल्या होड्या एकमेकींना घासत होत्या. तिला कचऱ्याच्या जाळीपाशी आपण दिलेलं उत्तर आठवलं. मोरी-सानचा हात आपल्या हातावर असताना ती हसून म्हणाली होती, “हो हो, दोन वर्षांपूर्वीही झालं होतं! शेक दिला, बरं झालं.” मोरी-सानने हात काढून घेतला होता आणि कितीतरी वेळा वाकून नमस्कार केला होता.

मग एकेक आठवू लागलं. पूर्वी तो डब्यात आमटी-भात न्यायचा. महिन्यापूर्वी म्हणाला, “पोळीत भाजी गुंडाळून देत जा. चमच्याची कटकट नको.” बुटांच्या शिवणीत वाळू. खिशात चुरगळलेला, कबुतरांपुढे टाकतात तो दाण्यांचा पुडा. साइटवर कबुतरं असतात का, असं तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, “सगळीकडे असतात.” कंपनीच्या कागदावर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर उल्काची शाळा. हे सगळं गळ्यात अडकवून तो महिनाभर वाऱ्यात बसून होता. आणि ती रोज दारात उभी राहून त्याला सांगत होती, मान सांभाळा.

तिने पावलं उचलली. शेवटी शेवटी ती जवळजवळ पळतच होती.

दारात त्याचे बूट होते. टोकं बाहेरच्या बाजूला करून, नीट जुळवून ठेवलेले. ती तशीच आतल्या खोलीपर्यंत गेली. सदानंद भिंतीकडे तोंड करून निजला होता. पांघरूण हलेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहिली. ते हललं. मग तिने कोट काढला.

उल्का स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी अभ्यास करत होती. पिशवीतून निघालेल्या कॅमेऱ्याकडे तिने पाहिलं.

“नानी कोरे?” हे काय?

“बाबांसाठी पट्टा. मानेला बरा आहे.”

उल्काने बोटाने रबर दाबलं, सोडलं, परत दाबलं.

“उल्के, कुबी म्हणजे काय गं?”

“सांगितलं ना.” हेही जपानीतच.

“परत सांग.”

“मान.”

“आणखी?”

पेन्सिल थांबली. आतून सदानंदच्या खोकण्याचा आवाज आला. उल्काने वही मिटली आणि खालच्या आवाजात, फोनवर आजीशी बोलताना बोलायची तशा जपून उचललेल्या मराठीत ती म्हणाली, “मी खोटं नाही बोलले, आई.”

“नाही बोललीस.”

“मोरी-सानची आयाका माझ्या वर्गात आहे. तिने सांगितलं.”

“तुला?”

“वर्गात. सगळ्यांना.”

पद्मिनी तिच्यासमोर बसली. लेकीची वेणी सुटत आली होती. तिने हात पुढे केला, पण उल्काने डोकं मागे घेतलं.

“मला का नाही सांगितलंस, बाळा?”

“तू रडली असतीस,” उल्का म्हणाली. “मग बाबा घरी आलेच नसते.”

किटलीत पाणी उकळू लागलं होतं. पद्मिनीने उठून गॅस बारीक केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

“आता नाही रडत,” ती म्हणाली.

सदानंद उठून आला तेव्हा उल्का आत गेली होती. त्याने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“हा कुठून आला?”

“मी आणला. जुना नुसती सुतळी झाला होता. पडला असता एखाद दिवशी.”

“कशाला उगाच? साइटचं काम संपतच आलंय.”

“संपू दे ना. पट्टा राहील.”

त्याने पट्ट्यावरून अंगठा फिरवला. आत वळवलेलं टोक चाचपलं. मग त्याचा अंगठा तिथेच थांबला.

“कॅमेरा दुकानात नेला होतास, पद्मा?”

“मग? पट्टा काय मी बसवणार?”

“उघडला का त्यांनी?”

प्रश्न अगदी सहज विचारल्यासारखा होता. पण चहाचा कप त्याने परत खाली ठेवला. पद्मिनी कोथिंबीर निवडत होती. ती निवडतच राहिली.

“कोण उघडणार? मालक मासे धरायला गेलेला. त्याची बायको होती, तिला काही म्हणजे काही कळत नाही. मला म्हणते कशी, सगळे पट्टे सारखेच दिसतात!”

सदानंदने श्वास सोडला. तो थोडा हसलाही. खूप दिवसांनी हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं.

“मग मापं कोणी घेतली?”

“मीच. तुमची उंची मला ठाऊक नाही का?”

सकाळी नेहमीसारखंच सगळं झालं. जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. पद्मिनीने पिशवी बांधून दाराशी ठेवली. पोळीत भाजी गुंडाळली, दोन वड्या जास्त घातल्या. उल्का टेबलापाशी भाताचा वाडगा पुढे घेऊन बसली होती. सदानंदने टाय बांधला, बॅग घेतली, दाराच्या पायरीवर बसून बूट चढवले. उभा राहून त्याने बुटांच्या कपाटावरचा कॅमेरा उचलला, आणि सवयीने त्याचा अंगठा खटक्याकडे गेला.

खटका रोजच्यासारखा भुर्रकन आला नाही. जड आला. आतून काहीतरी ओढलं जात होतं.

त्याचा अंगठा अर्ध्यावर थांबला. त्याने कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन वरची, फोटो मोजणारी छोटी काच पाहिली. तिथे एक आकडा होता. टेबलापाशी चॉपस्टिक वाजायच्या थांबल्या.

पद्मिनी हातात डबा घेऊन उभी होती.

“रिकामा होता,” ती म्हणाली. “भरून आणला.”

खटका तसाच अर्धवट ओढलेला होता. सोडला तर मागे जाईल आणि ओढला तर पुढे, असा. वरच्या मजल्यावरचं कुणी जिना उतरून गेलं, बाहेरच्या लोखंडी पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली आणि विरली.

“काय काढू?” शेवटी सदानंदने विचारलं.

“जे दिसेल ते. दिवसभर जिथे असता तिथलं.” तिने डबा त्याच्या बॅगेत सरकवला आणि चेन ओढली. “कबुतरं काढा. मला रोज संध्याकाळी येऊन सांगायचं, आज काय काढलं. रोज.”

त्याने अंगठ्याने खटका पूर्ण ओढला.

पद्मिनीने त्याच्या हातातून कॅमेरा घेतला. पट्टा दोन्ही हातांनी रुंद करून धरला आणि तिरका घालण्यासाठी त्याच्या डोक्यावरून नेला. सदानंदने मान खाली घातली. पट्टा खांद्यावर आला तरी ती त्याने वर केली नाही. तो तसाच उभा राहिला, बुटांकडे बघत. कोटाच्या कॉलरच्या वर त्या जुन्या तांबड्या रेघेची कड दिसत होती.

रोजचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं. पट्ट्याखाली अडकलेली कॉलर सोडवायला तिने बोट घातलं, पण रबर सरकेना.

“मान वर करा,” ती म्हणाली. “पट्टा नीट बसत नाहीये.”